डाउनलोडचं पान नव्या माणसाला कळेल असं लिहा: डेबियन आणि बाकी लिनक्स मंडळींना खुलं पत्र

प्रति,
डेबियनची वेबसाइट आणि इन्स्टॉलर इमेज सांभाळणारी मंडळी, आणि त्यांच्यासोबत उबंटू, मिंट, फेडोरा, ओपनसुसे, फ्रीबीएसडी अशा सगळ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या डाउनलोड पानांवर काम करणारे सगळे जण

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. तुमची सिस्टीम चांगली आहे, मुक्त आहे, पैसे लागत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर पण पळते, हे आम्ही लोकांना सांगत असतो आणि आता लोक ऐकायला पण लागलेत. अडतं ते डाउनलोडच्या पानावर. माणूस मनाची तयारी करून येतो, पेनड्राइव्ह घेऊन बसतो, आणि त्याचा एकच प्रश्न असतो की माझ्या या लॅपटॉपला यातली कुठली फाइल लागेल. तुमच्या पानावर आर्किटेक्चर म्हणजे प्रोसेसरच्या जाती आहेत, इमेजचे (पेनड्राइव्हवर चढवायच्या सिस्टीमच्या फाइलचे) प्रकार आहेत, एचटीटीपी, टॉरेंट आणि जिगडो अशा उतरवायच्या पद्धती आहेत, मिरर म्हणजे त्याच फाइल ठेवणारे वेगवेगळे सर्व्हर आहेत, फाइल खरी आहे हे तपासायच्या डिजिटल सह्या आहेत, सगळं आहे, पण या एका प्रश्नाचं उत्तर त्याला त्यातून स्वतःलाच शोधून काढावं लागतं, आणि ते ज्याला जमतं तो मुळात नवखा नसतोच.

हे आत्ताच का लिहितोय ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा पाहिजे, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले जवळपास सगळे लॅपटॉप बाद. मशीन धडधाकट आहे, रॅम ८ जीबी आहे, एसएसडी टाकली की अजून कितीतरी वर्षं जाईल, पण कंपनीच्या लेखी ते संपलं. आमच्याकडे हे लॅपटॉप कोणाकडे आहेत बघा, झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायला ठेवलेले, घरी ट्यूशन घेणाऱ्या ताईंकडे, मोठ्या भावाची नोकरी लागल्यावर धाकट्याकडे आलेले, बचत गटाच्या हिशोबाला वापरले जाणारे. यातल्या कोणालाही नवा लॅपटॉप घेणं सोपं नाही. केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारी मंडळी आणि इतर बऱ्याच जणांनी मिळून एंड ऑफ टेन नावाची मोहीम पण चालवली, की लॅपटॉप फेकू नका, लिनक्स टाका. मोहीम अगदी योग्य आहे, पण मोहिमेतून आलेला माणूस शेवटी तुमच्याच पानावर येऊन थांबतो ना, आणि तिथे त्याच्याशी कोणीतरी बोललं पाहिजे.

आता एएमडी६४ हे नाव घ्या. लॅपटॉपवर इंटेलचा निळा स्टिकर आणि फाइलच्या नावात एएमडी. तुम्हाला माहितीये की ६४-बिटची ही पद्धत एएमडीने आधी आणली, २००३ मध्ये ऑप्टेरॉनमध्ये ती आली आणि मग इंटेलनेही तीच घेतली, म्हणून नाव तेच राहिलं. पण हे ज्याला माहिती नाही तो काय म्हणेल? आमच्या इथल्या एका झेरॉक्सवाल्या दादांनी माझ्या समोर यादी वाचली, कुठल्या डिस्ट्रोची (म्हणजे उबंटू, मिंट अशा कुठल्या लिनक्सची) ते नाव घेत नाही कारण हे सगळ्यांकडेच होतं, आणि मला विचारलं, "यात इंटेल कुठंय?" त्याच्या आधी त्यांनी स्वतःच्या अकलेने एक फाइल उतरवली होती, एआरएम६४ वाली, म्हणजे वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरची, कारण एएमडी आपलं नाही हे स्टिकरवरून कळलं होतं आणि एआरएम हे जरा नवीन वाटलं. ती बूट होईना, म्हणजे तिच्यावरून लॅपटॉप सुरूच होईना. त्यांना वाटलं पेनड्राइव्ह खराब आहे, म्हणून दुसरा आणला, त्यावर परत तीच फाइल चढवली. फाइल चुकीची असेल ही शंका त्यांना आली नाही, आणि यायचं काही कारणच नव्हतं, कारण पानावर कुठेच लिहिलं नव्हतं की ही फाइल कोणत्या मशीनला चालत नाही.

डेबियनच्या पानावर तुम्ही एएमडी६४ सोबत '६४-बिट पीसी' असं लिहिता, ते बरं आहे, पण तेवढं पुरत नाही. "इंटेल असो की एएमडी, विंडोज असलेल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपला हीच फाइल" असं एक अख्खं वाक्य पाहिजे. वाक्य. कंसातला शब्द नको. पूर्वी याच यादीत आय३८६ पण असायचं आणि लोक 'आय म्हणजे इंटेल' समजून ते उचलायचे, चांगल्या ६४-बिट मशीनवर ३२-बिटची सिस्टीम बसवून मोकळे व्हायचे. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ पासून आय३८६ चा इन्स्टॉलर बंद झाला, तो एक खड्डा बुजला. पण पूर्ण यादी उघडली तर एएमडी६४ च्या खालीच पीपीसी६४ईएल, आरआयएससी-व्ही आणि एस३९०एक्स अशी नावं येतात. एस३९०एक्स हे आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य कॉम्प्युटरसाठी आहे! ते तुम्ही देता याचा मला अभिमानच आहे, इतकी वेगवेगळी मशीनं चालवणारे प्रकल्प फार थोडे आहेत, पण मेनफ्रेमवाल्याला आणि ट्यूशनवाल्या ताईंना एकाच रांगेत उभं करून दोघांना एकाच आकाराच्या अक्षरात लिहिलेल्या नावांमधून निवडायला लावणं हे काही बरोबर नाही. आणि हो, ॲपलच्या एम१ मॅकवाल्यांचं पण बघा, एआरएम६४ बघून ते खुश होतात, आणि ती इमेज त्यांच्या मॅकवर सरळ बूट होत नाही हे त्यांना सगळं करून झाल्यावर कळतं.

एसटी स्टँडवर कोल्हापूरची गाडी कुठे लागते असं विचारल्यावर चौकशीतल्या माणसाने गाडीच्या इंजिनाचा प्रकार सांगावा, तसं हे होतं. माहिती खरी असते, पण विचारलं होतं ते वेगळंच.

पुढचा घोळ नेटइन्स्ट आणि लाइव्हचा. डेबियनच्या मुख्य पानावरचं डाउनलोडचं बटण दाबलं की नेटइन्स्टची फाइल थेट उतरायला लागते. साधारण पाऊण जीबीची. छोटी आहे, ताजी आहे, ज्याला माहिती आहे त्याच्यासाठी उत्तमच आहे, मी स्वतः पण तीच वापरतो. पण नवीन माणसाला कोणी सांगत नाही की ही फक्त सुरुवात आहे, इन्स्टॉल करताना डेस्कटॉप निवडला की याच्यापेक्षा जास्त डेटा परत उतरणार आहे आणि तेव्हा नेट चालू पाहिजे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरात नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट असतो आणि प्लॅन दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा. तो माणूस मध्येच अडकतो, जुनं विंडोज तर पुसलं गेलंय आणि नवीन अर्धवट बसलंय, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचंय. एवढं एका ओळीत सांगता येतं की बाबा आत्ता इतके एमबी आणि नंतर अजून साधारण इतके. ज्यांची इमेज मोठी आहे त्यांनी पण आकडा बटणावरच लिहावा, उबंटूची डेस्कटॉप इमेज आता सहा जीबीच्या घरात गेली आहे, म्हणजे दीड जीबीवाल्याला चार दिवस, आणि मध्ये डाउनलोड तुटलं तर परत पहिल्यापासून. इथे टॉरेंट खरंच कामाचं आहे कारण तुटलं तरी पुढे चालू होतं, पण पानावर टॉरेंट हा फक्त एक शब्द असतो, "नेट सारखं तुटत असेल तर हे घ्या" असं कोणी लिहीत नाही.

आणि ते आपोआप सुरू होणारं डाउनलोड. आमच्याकडे बरेच लोक पान पहिल्यांदा मोबाइलवर उघडतात, नुसतं काय आहे ते बघायला. बटण दाबलं की फोनमध्ये आयएसओ, म्हणजे ती इमेजची फाइल, उतरायला लागते. फोनमध्ये तिचं करणार काय? दिवसाचा अर्धा डेटा तेवढ्यात जातो. बटण दाबल्यावर आधी दोन ओळी दाखवा आणि मग फाइल द्या, एवढंच म्हणतोय.

माझं ठाम मत आहे की नवख्याला पहिली फाइल लाइव्हचीच द्यायला पाहिजे. लाइव्ह म्हणजे पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालवून बघायची, डिस्कला हात न लावता. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड नीट आहे का, झेरॉक्सवाल्यांच्या बाबतीत प्रिंटर दिसतोय का, हे सगळं विंडोज पुसायच्या आधी कळतं. डेबियनच्या लाइव्ह इमेज आहेत, त्यात इन्स्टॉलर पण आहे, पण त्या बटणाच्या मागे नाहीत, 'इतर इन्स्टॉलर' म्हणून पुढच्या पानावर आहेत. आणि तिथे पोचलं की वेगवेगळ्या डेस्कटॉपच्या नावांची यादी येते: ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी आणि स्टँडर्ड. यात नवखा काय उचलेल? बाकीची सात नावं त्याने कधी ऐकलेली नाहीत, आठवं नाव स्टँडर्ड. तो स्टँडर्डच उचलणार, कोणीही शहाणा माणूस तेच करेल. आणि स्टँडर्डमध्ये डेस्कटॉपच नाही! फक्त काळी स्क्रीन आणि कमांड लाइन. तीन दिवस डेटा साठवून उतरवलेली फाइल उघडल्यावर काळी स्क्रीन बघणारा माणूस परत येत नाही, आणि वर चार जणांना सांगतो की लिनक्स आपल्यासाठी नाही.

डेस्कटॉपची निवड माणसाला करायला लावूच नका असं मी म्हणत नाही, ती तर आपल्या सगळ्या कामाचा आत्मा आहे. पण एक पुढे करा. "काय घ्यावं कळत नसेल तर हे घ्या, लॅपटॉप जुना असेल आणि रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर हे", दोन नावं, प्रत्येकाचा एक स्क्रीनशॉट. नवीन माणूस चित्र बघून ठरवतो, ग्नोम आणि एक्सएफसीई ही नावं वाचून त्याला काही कळत नाही.

नावांचा अजून एक त्रास म्हणजे डेबियनच्या आवृत्त्यांची नावं, ट्रिक्सी, बुकवर्म, स्टेबल, टेस्टिंग. लोक येतात ते कुठलातरी व्हिडिओ बघून, व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा, त्यात बुकवर्म म्हणतात आणि पानावर दिसतं ट्रिक्सी, मग माणूस बुकवर्म शोधत बसतो कारण व्हिडिओत तेच सांगितलंय. तर पानावर लिहा की डेबियन १३ म्हणजेच ट्रिक्सी, सध्याची हीच, ऑगस्ट २०२८ पर्यंत नेहमीचा सपोर्ट आणि एलटीएस म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट धरून जून २०३० पर्यंत, जुन्या व्हिडिओत बुकवर्म म्हटलं असेल तरी हीच घ्या. विंडोज १० ची तारीख संपली म्हणून जो माणूस आलाय, त्याला पुढची तारीख कुठली हे जाणून घ्यायचंच असतं, आणि तुमच्याकडे इतकं चांगलं उत्तर असून ते डाउनलोडच्या पानावर मोठ्या अक्षरात नाही.

फ्रीबीएसडीवाल्यांनो, तुमच्याकडे पण तेच, बूटओन्ली, डिस्क१, डीव्हीडी१, मेमस्टिक, मिनी-मेमस्टिक. मेमस्टिक हे नाव निदान पेनड्राइव्हच्या जवळ जातं. डेबियनची नेटइन्स्ट तर 'आयएसओ-सीडी' नावाच्या फोल्डरमध्ये आहे आणि सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आता दाखवायला पण मिळत नाही. मिंटवाल्यांनो, देशवार मिररची ती लांबलचक यादी खाली ढकला, वर एक बटण ठेवा जे स्वतःच जवळचा मिरर निवडेल.

आता फाइल उतरल्यानंतरचं. बरेच जण म्हणतील की डाउनलोडच्या पानाचं काम तिथे संपलं. मला ते अजिबात पटत नाही, कारण नवख्याचा खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो आणि त्याच्या समोर उघडं असलेलं एकमेव पान तुमचं असतं. तो काय करतो बघा. आयएसओवर डबल क्लिक करतो, विंडोज ती डीव्हीडीसारखी उघडून दाखवतं, आत फोल्डरं दिसतात, पुढे काय ते कळत नाही. मग ती फाइल तशीच पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करतो, गाणी टाकतो तशी. बूट होत नाही. मग कोणीतरी रुफस हा पेनड्राइव्हवर इमेज लिहिणारा प्रोग्राम सांगतं, रुफस मध्येच विचारतं आयएसओ मोड की डीडी मोड, आता याला काय माहिती? तुमच्या इमेजला कुठला चालतो ते तुम्ही सांगा ना, तुमच्याइतकं नक्की कोणाला माहिती असणार. आणि नीट लिहून झालं तरी कधी कधी विंडोज विचारतं की ही डिस्क फॉरमॅट करायची का, कारण पेनड्राइव्हवरचं पार्टिशन त्याला ओळखता येत नाही. समोर फॉरमॅटचं बटण असतं. माणूस दाबतो! मी शेजारी बसलो होतो म्हणून एका पोराचा हात धरला. "विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा", ही ओळ मी कुठल्याही मोठ्या डिस्ट्रोच्या डाउनलोड पानावर ठळक वाचलेली नाही आणि ती नसल्यामुळे किती लोकांनी परत परत पेनड्राइव्ह लिहिले असतील देव जाणे.

मग बूट मेनूची की, म्हणजे लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायला दाबायचं बटण. डेल आणि लेनोवोला बहुतेक वेळा एफ१२, एचपीला एफ९ किंवा एस्केप, एसरला एफ१२ पण आधी सेटअपमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. चार-पाच कंपन्यांचं एक छोटं टेबल आहे हे, आमच्याकडच्या दहातल्या नऊ लॅपटॉपचं काम त्यात होतं. सेक्युअर बूट, म्हणजे ओळखीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारं लॅपटॉपमधलं सेटिंग, त्याचं पण तसंच, जुने लेख सगळे सांगतात की बंद करा, आणि डेबियन तर २०१९ च्या डेबियन १० पासून सेक्युअर बूटसकट चालतं. उगाच बंद करायला गेलं तर उलट नुकसान, कारण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आधीच एन्क्रिप्ट असते आणि असल्या सेटिंगला हात लावला की विंडोज बिटलॉकरची (डिस्कच्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, जी कुठे ठेवली आहे हे घरात कोणालाच माहिती नसतं. "सेक्युअर बूट बंद करायची गरज नाही, विंडोज पण ठेवायचं असेल तर आधी रिकव्हरी की लिहून घ्या", दोन वाक्यं. कोणाचे लग्नाचे फोटो वाचतील, कोणाचा हिशोब वाचेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण डिस्क वापरली तर सगळं जाईल हे डाउनलोडच्याच पानावर लिहा. इन्स्टॉलरमध्ये लिहिलेलं असतं हे मला माहिती आहे, पण तिथे पोचेपर्यंत माणूस पुढे-पुढे दाबायच्या लयीत असतो. बॅकअप घ्यायची वेळ डाउनलोड चालू असतानाची आहे, तेव्हा त्याच्याकडे तास-दोन तास मोकळे असतात आणि विंडोज अजून जिवंत असतं.

पडताळणीवर पण बोललं पाहिजे, कारण इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि सांगायची पद्धत मात्र नव्या माणसाला हाकलून लावणारी. चेकसम, म्हणजे फाइल बदललेली किंवा अर्धवट नाही हे दाखवणारी खुणेची ओळ, तपासा हे तुम्ही म्हणता ते उगाच नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या साइटमध्ये घुसून डाउनलोडची लिंकच बदलली गेली होती आणि मिंट १७.३ सिनॅमनची बॅकडोर (चोरून घुसायचा रस्ता) घातलेली आयएसओ लोकांनी उतरवली होती, म्हणजे हा धोका खरा आहे, झालेला आहे. पण विंडोजवर बसलेल्या माणसाला 'एसएचए५१२सम्स' नावाची फाइल आणि एक सही दिली आणि सांगितलं तपासा, तर तो कशाने तपासणार? त्याच्या विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही, ती पूर्ण कमांड त्या फाइलच्या नावासकट पानावर कॉपी करायला द्या. पुढे १२८ अक्षरांची ओळ येते, ती डोळ्यांनी जुळवणं कोणाला जमणार, पानावर एक चौकोन द्या, त्यात ओळ पेस्ट केली की हिरवं किंवा लाल. साइटच फोडली गेली असेल तर हा चौकोन पण खोटं बोलू शकतो हे मला कळतं, म्हणून सही आहेच, ती शिकणाऱ्यासाठी पुढच्या पानावर ठेवा. पण अर्धवट उतरलेली फाइल, जी आमच्याकडे रोजची गोष्ट आहे, ती तरी या चौकोनाने तिथल्या तिथे पकडली जाईल.

हे सगळं होण्यासारखं आहे, आणि काही ठिकाणी झालेलं पण आहे. मार्च २०२० मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या स्वस्त कॉम्प्युटरवाल्यांनी त्यांचा इमेजर काढला, आज तो उघडला की विचारतो, तुमचं मशीन कुठलं, सिस्टीम कुठली पाहिजे, कार्ड कुठलं. झालं. उतरवणं, लिहिणं, तपासणं सगळं तोच करतो, शाळेतली पोरं पण करतात. फेडोराचा मीडिया रायटर विंडोजवर चालतो आणि तसंच काम करतो, आणि त्यामुळेच बऱ्याच नव्या लोकांना मी डोळे झाकून फेडोरा सुचवू शकतो. डेबियनला अशी गोष्ट का नसावी? माणसं कमी आहेत, सगळे आपला वेळ देऊन काम करतात, हे मी जाणतो. म्हणूनच मी नवीन प्रोग्राम मागत नाहीये, आधी निदान पान मागतोय.

आणि डेबियन बदलत नाही असं कोणी म्हटलं तर मी त्याला फर्मवेअरचं उदाहरण देतो. कित्येक वर्षं अधिकृत इमेजमध्ये वायफायचं फर्मवेअर, म्हणजे वायफायचा भाग चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, नसायचं, इन्स्टॉल करताना मध्येच कुठल्यातरी फाइलचं नाव दाखवून ती द्या म्हणायचं, आणि फर्मवेअर असलेली इमेज 'अनधिकृत' म्हणून कोपऱ्यातल्या एका पानावर असायची, ज्याला माहिती त्यालाच सापडायची. तत्त्वाचा प्रश्न होता, सोपा नव्हता. तरी २०२२ मध्ये तुम्ही सगळ्यांनी मतदान केलं, सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे डेबियनच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यात, त्यासाठी बदल केला, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून एकच इन्स्टॉलर, फर्मवेअरसकट. त्या एका निर्णयाने आमचं अर्धं काम हलकं केलं. वायफाय दिसत नाही म्हणून येणारे फोन जवळपास थांबले. तेवढा मोठा निर्णय घेणाऱ्या मंडळींना पानावरची वाक्यं बदलणं जड जाऊ नये.

कोणी म्हणेल की जुन्या लोकांचं काय, सर्व्हरवाल्यांचं काय, त्यांना ती पूर्ण यादी लागते. अगदी बरोबर, लागतेच, ती काढू नका, तिला तिचं वेगळं पान राहू द्या आणि वरच्या पानावरून एक लिंक द्या. ज्याला जिगडो लागतं त्याला तिथे कसं जायचं हे पाठ असतं. ज्याला काहीच माहिती नाही त्याच्यासाठी पहिलं पान ठेवा.

तर पहिल्या पानावर काय असावं याचा मसुदाच देतो, हवा तसा बदला:

"तुमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आहे? मग ही फाइल घ्या. प्रोसेसर इंटेल असो की एएमडी, हीच चालेल. फाइल इतक्या जीबीची आहे, नेट तुटत असेल तर टॉरेंट वापरा. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागेल, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. या पेनड्राइव्हवरून डेबियन आधी चालवून बघा, तुमच्या विंडोजला काही होणार नाही. आवडलं तर इन्स्टॉल करा. पूर्ण डिस्क निवडली तर विंडोज आणि सगळ्या फाइल जातील, म्हणून डाउनलोड होईपर्यंत फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून ठेवा. फाइल उतरली की पुढची पायरी इथे बघा."

यात एकही अवघड शब्द नाही आणि खोटं किंवा अर्धवट पण काही नाही. ट्यूशनवाल्या ताई हे वाचून स्वतः करू शकतात, कोणाला बोलवायला नको. मसुदा बरोबर आहे की नाही हे आपसात चर्चा करून ठरवण्यापेक्षा, ज्याने आयुष्यात कधी लिनक्स पाहिलं नाही अशा एका माणसाला पानासमोर बसवा आणि शेजारी गप्प बसून बघा तो कुठे थांबतो. प्रत्येकाच्या घरात असं कोणीतरी आहे.

मराठीचं पण सांगतो. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे, निवडली की प्रश्न मराठीत येतात, आणि ते ज्या स्वयंसेवकांनी केलं त्यांचे उपकार आहेत. लिनक्स बसल्यानंतर शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे आहेत. म्हणजे इन्स्टॉलर मराठीत आहे, नंतरचे धडे मराठीत आहेत, आणि या दोन्हीपर्यंत नेणारं डाउनलोडचं पान मात्र इंग्रजीतून वाचावं लागतं. ही मधली एक पायरी आम्ही बांधून देतो. वरच्या मसुद्यासारखा मजकूर तुम्ही एकदा नक्की करा, त्याचं मराठी आम्ही काही जण मिळून करू, वेबसाइटचा सोर्स साल्सावर, म्हणजे डेबियनच्या कोड ठेवायच्या साइटवर आहे, तिथेच रीतसर पाठवू, आणि दर रिलीजला आकडे-नावं बदलली की ते पण बदलत राहू. कानडी आणि हिंदीसाठी पण ओळखीची माणसं आहेत, ती पण विचारून ठेवलीयेत.

आणि यातलं काहीच लगेच होण्यासारखं नसेल तर निदान लाइव्ह इमेजच्या यादीत स्टँडर्डच्या पुढे "यात डेस्कटॉप नाही, फक्त कमांड लाइन" एवढं लिहा. एका ओळीचं काम आहे, पुढच्या पॉइंट रिलीजच्या (छोट्या सुधारणांच्या आवृत्तीच्या) आधी नक्की होईल, आणि तुमची हरकत नसेल तर तो पॅच मी या आठवड्यात पाठवतो.

आपला,
डेबियन वापरणारा आणि आजूबाजूच्या लोकांच्या लॅपटॉपवर बसवून देणारा एक जण, सांगली